अण्णांनी बूट काढले असते

कडुनिंबाचा मोहर गळायला लागला की मला भूगोलाचा पेपर आठवतो. वय बावन्न झालं, तरी आठवतो. मी एका शाळेत प्रयोगशाळा सहायक आहे. आमच्या आवारात पाच कडुनिंब आहेत, आणि मार्चमध्ये शाळेत दहावीचं केंद्र असतं. सकाळी बाकांवर नंबर टाकायला गेलो की पांढरी बारीक फुलं सगळीकडे पडलेली असतात. बाकांवर, पायऱ्यांवर, हॉल तिकीट हातात धरून शेवटची उजळणी करणाऱ्या मुलींच्या केसांत. त्या फुलांना कडसर-गोड वास असतो. शिपायापासून मुख्याध्यापिकेपर्यंत सगळे म्हणतात, किती छान वाटतं. मी मान हलवतो आणि खिडकी लावून घेतो.

याच दिवसांत आमचा उपवासकाळ असतो. राखेच्या बुधवारी फादर कपाळाला राख लावतात, तिथून चाळीस दिवस. मांस बंद, लग्नं बंद, दर शुक्रवारी क्रुसाची वाट, म्हणजे येशूच्या शेवटच्या प्रवासाची प्रार्थना. हिंदू आणि मुसलमान मित्रांना मी इतकंच सांगतो की आमचा रोजा समजा. शेवटचा आठवडा पवित्र आठवडा, आणि त्यातला गुरुवार. त्या संध्याकाळी वेदीपुढं बारा खुर्च्या मांडतात. गावातली बारा साधी माणसं त्यांवर बसतात, आणि फादर कमरेला पंचा बांधून, गुडघ्यावर बसून, प्रत्येकाचा उजवा पाय धुतात. येशूनं आपल्या बारा शिष्यांचे धुतले होते, तसे. घंगाळ, तांब्या, पंचा. दुसरं काही लागत नाही.

या शहरात पाणीसुद्धा लागतं म्हणा. आमच्या चर्चची चावी सांभाळणारे काका दर वर्षी कुरकुरतात, "नळ कवा यायचा त्याचा पत्ता नाय, आन् ह्यांना पाय धुवायचेत." तरी बुधवारी ते एक पिंप भरून त्यावर फळी ठेवतात आणि कुणाला हात लावू देत नाहीत.

मी त्या बारा खुर्च्यांवर कधी बसलो नाही. चार वेळा माझं नाव आलं. एकदा मी पाठदुखी सांगितली, एकदा बोर्डाचं काम सांगितलं. इतर दोन वेळचं कारण आता आठवत नाही, यावरून ते किती पोकळ असेल ते समजावं.

आम्ही पडेगावच्या अलीकडे राहायचो, दौलताबादच्या रस्त्याला, पत्र्याच्या दोन खोल्यांत. अण्णा, म्हणजे माझे वडील, रस्त्यापलीकडच्या रोपवाटिकेत माळी होते. उन्हाळ्यात ते घरी यायचे तेव्हा त्यांच्या अंगाला ओल्या मातीचा आणि मोगऱ्याचा वास यायचा. सगळे माळी चिखलात अनवाणी काम करायचे. अण्णा मात्र बूट घालून. कॅनव्हासचे, टायरचा तळ लावलेले, वरून शिवण मारलेले बूट. सकाळी उठले की बूट, झोपताना बूट खाटेखाली. जेवतानासुद्धा बूट. घरात कुणी पाहुणा आला आणि तो चपला काढून आत आला, तर अण्णा उठून बाहेर ओट्यावर बसायचे. लोक म्हणायचे, याकोब माळ्याला साहेबाची सवय आहे.

त्या बुटांच्या पुढच्या भागात कापूस असायचा. अण्णांच्या उजव्या पायाला तीन बोटं नव्हती. डाव्याला एक नव्हतं. तरुणपणी त्यांना महारोग झाला होता. आमच्या गावाकडं त्याला रक्तपिती म्हणतात, आणि तो शब्द उच्चारला की बोलणाऱ्याचा आवाज आपोआप खाली जातो. अण्णा मिशनच्या दवाखान्यात चार वर्षं राहिले, औषधं घेतली, पूर्ण बरे झाले. लग्न त्यानंतरचं. मायला, म्हणजे आईला, सगळं माहीत होतं. ताईला आणि मला समजलं ते आम्ही मोठे झाल्यावर. आमच्या चार भिंतींच्या बाहेर एकाच माणसाला माहीत होतं, बाजारातल्या रशीदभाईंना. तेच ते बूट शिवायचे. मी अण्णांबरोबर गेलो होतो एकदा. दुकानाचा अर्धा पत्रा ओढून घेऊन रशीदभाईंनी अण्णांचा पाय स्वतःच्या मांडीवर घेतला, दोरीनं माप घेतलं, तळव्यावरून अंगठा फिरवून कुठं जखम आहे का बघितलं. मी पत्र्याकडं बघत होतो, कुणी येईल म्हणून.

"याकूबभाई, पाँव कू कुछ नई हुआ," रशीदभाई म्हणाले. "जूतेच खराब हैं."

अण्णा इतके हसले की त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. मला त्यात हसण्यासारखं काय आहे ते समजलं नाही.

मी दहावीला होतो तेव्हा पवित्र आठवडा लवकर आला. बोर्डाची परीक्षा सुरूच होती. भूगोलाचा पेपर शनिवारी, आणि मधे आमचा गुरुवार-शुक्रवार. खोलीत उकडायचं म्हणून मी रोपवाटिकेतल्या कडुनिंबाखाली पोतं टाकून वाचायचो. नकाशातल्या नद्यांवर फुलं पडायची, ती मी फुंकून उडवायचो. अजूनही गोदावरी म्हटलं की मला पानावरची ती फुलं दिसतात.

तेव्हाचे फादर नवीन होते, वसईकडचे. माणूस उत्साही. आधीचे फादर दर वर्षी तेच तेच बारा जण बसवायचे, पंचायतीत वजन असलेले, धोतर-टोपीवाले. नव्या फादरांनी त्या गुरुवारच्या आधीच्या, झावळ्यांच्या रविवारी एका पत्र्याच्या डब्यात सगळ्या घरांच्या चिठ्ठ्या टाकल्या आणि लहान पोरीला उचलायला लावल्या. सातवी चिठ्ठी अण्णांची निघाली.

घरी आलो. मायनं चूल पेटवली. मग तीच म्हणाली, "सांगून या फादरला, जमत नाय म्हणावं."

"का?" अण्णा म्हणाले.

"का म्हंजी? उजवाच पाय धुतेत."

"माहीत हाय."

"मंग डावा पुढं करा. त्यातल्या त्यात बरा दिसतो."

ताई फसकन हसली. अण्णाही हसले. मग त्यांनी बूट काढले, पाय समोर पसरले आणि त्यांच्याकडं असं बघत राहिले, जणू बऱ्याच दिवसांनी कुणी भेटायला आलंय.

"तीस वर्सं झाली ह्यो पाय बरा होऊन," ते म्हणाले. "आजारी व्हता तवा लपवला, ते ठीक. बरं झालेलं कशाला लपवायचं? देवाच्या घरात बूट काढीन म्हणतो. एकदा सगळ्यांनी बघितलं की संपलं."

 रात्रीच्या भाकरी करताना मायनं त्यांच्या ताटात पहिली भाकर टाकली आणि वर लोणी ठेवलं, जे आमच्याकडं सणालाच निघायचं.

ताईचं तेव्हा वैजापूरला जुळत होतं. मुलगा एसटीत लागलेला, घर कांद्याचं, माणसं बरी. मुलाचा मामा आमच्याच चर्चचा, आणि मुलाकडचे लोक गुरुवारी त्याच्याकडं येणार होते. म्हणजे मिस्सेला, संध्याकाळच्या उपासनेला, चर्चमध्ये असणार होते. ईस्टरनंतर बोलणी होणार होती. माझ्या डोक्यात त्या दिवसांत एकच चित्र फिरत होतं. वैजापूरची माणसं पुढच्या रांगेत, अण्णा सातव्या खुर्चीवर, आणि बुटातून निघणारा तो पाय. मग ताईचं काय? असं मी स्वतःला म्हणत होतो. बरीच वर्षं म्हणत होतो. खरं असं होतं की माझ्या वर्गातली चर्चची तीन पोरं गायनाच्या बाकावर बसायची, आणि शनिवारी पेपरला गेल्यावर काय होईल ते मला दिसत होतं. ताई हे कारण नव्हतं. ताई ही सोय होती.

बुधवारी दुपारी मी फादरांच्या बंगल्यावर गेलो. ते व्हरांड्यात खादीचे पंचे मोजत होते.

"फादर, अण्णांना ताप आलाय. उद्या त्यांना जमणार नाही."

"अरेरे. मी संध्याकाळी येऊन जातो. त्यांना प्रार्थना देतो."

 मी म्हणालो, "नका येऊ, फादर. अंगावर फोड उठलेत. कांजण्या असतील. लागण होईल."

फादरांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला. "घाबरू नकोस. परीक्षा नीट दे," म्हणाले.

बऱ्या झालेल्या माणसाला मी पुन्हा आजारी केलं. पुन्हा त्याच्या अंगाला असं काहीतरी चिकटवलं, ज्यामुळं लोकांनी लांब राहावं. हे मला त्या व्हरांड्यात समजलं नाही. बऱ्याच वर्षांनंतर, एका मुलाला कांजण्या झाल्या म्हणून परीक्षेला वेगळ्या खोलीत बसवताना समजलं, आणि मी नंबरांची यादी हातात घेऊन तसाच उभा राहिलो.

गुरुवारी दुपारी अण्णा अंगणात पाटावर बसले होते. घमेल्यात कोमट पाणी, त्यात मीठ, आणि त्यात दोन्ही पाय. दवाखान्यात शिकवलेलं ते रोज करायचे, पण त्या दिवशी सकाळपासून दोनदा झालं होतं. धुतलेला पायजमा गुडघ्यापर्यंत दुमडलेला. मला बघून म्हणाले, "टाचा बघ, लई मऊ झाल्यात. फादरला वाटंल साहेबाचा पाय हाय."

मी म्हणालो, "अण्णा, फादरांनी तुमच्या जागी दुसऱ्याला घेतलंय."

"का रं?"

इथं मी थांबू शकलो असतो. माहीत नाही, इतकं म्हणालो असतो तर ते स्वतः उठून विचारायला गेले असते आणि सगळं उघडं पडलं असतं. त्यांनी जाऊ नये म्हणून मी पुढचं वाक्य बोललो.

"त्यांना कुणीतरी सांगितलं असेल."

अण्णा माझ्याकडं बघत होते. मग घमेल्यात बघायला लागले. त्यांनी एकेक पाय बाहेर घेतला, फडक्यानं पुसला, उरलेल्या बोटांच्या बेचक्यांत नीट कोरडं केलं, तेल लावलं. कापूस भरला. बूट घातले. नाड्या बांधताना त्यांचे हात सावकाश चालत होते, जसे नेहमी चालायचे. मला म्हणाले, "जा, अभ्यास कर." त्या दिवशी घरात कुणीच मिस्सेला गेलं नाही. मायनं मुलाकडच्यांना निरोप धाडला की माळीबुवांना बरं नाही.

माझा भूगोलाचा पेपर चांगला गेला. गोदावरी बरोबर आली.

जूनमध्ये त्या फादरांची बदली झाली. कुणी कुणाला काही विचारायचं उरलं नाही. ताईचं लग्न झालं, वैजापूरलाच. अण्णा रविवारी चर्चला जात राहिले, पण शेवटच्या बाकावर, दाराजवळ. आधी ते डावीकडं तिसऱ्या रांगेत बसायचे. पवित्र गुरुवारी ते कधीच गेले नाहीत. दर वर्षी त्या दिवशी त्यांना रोपवाटिकेत काहीतरी निघायचं. त्यांना वाटत होतं की चर्चनं त्यांचा पाय बघायच्या आधीच नको म्हटलंय. हे त्यांना मी वाटू दिलं. मी रोज त्यांच्याबरोबर जेवत होतो. सांगायला एक मिनिट लागलं असतं. बारा वर्षं होती माझ्याकडं.

मी अठ्ठावीस वर्षांचा असताना ते गेले. शवपेटीत ठेवताना माय म्हणाली, "आता तरी काढा ते बूट."

मी म्हणालो, "लोक येतील गं शेवटचं बघायला." आम्ही अण्णांना बूट घालून पुरलं.

आमच्यात पापनिवेदन असतं. वर्षातून एकदा तरी, ईस्टरच्या आधी, फादरांकडं जाऊन आपली पापं सांगायची. पूर्वी लाकडी पेटी होती, मधे जाळी. मी दर वर्षी गेलो. दर वर्षी तेच सांगितलं, "मी खोटं बोललो." किती वेळा? दोनदा. मग प्रायश्चित्त म्हणून पाच वेळा नमो मरिया ही प्रार्थना, कधी दहा. ती मी त्याच बाकावर गुडघे टेकून म्हणायचो आणि घरी यायचो. यात खोटं काही नव्हतं. दोनदा हे बरोबरच होतं. पण मी ते डाळ-तांदळासारखं सांगत होतो, पुडी बांधलेली, आत काय आहे ते कुणाला न दाखवता. ज्याला सगळं माहीत आहे त्या देवालासुद्धा मी पुडीच दाखवत होतो. आणि दर वर्षी क्षमेचे शब्द माझ्यावरून जायचे, पत्र्यावरून उन्हाळी सर जाते तसे. आवाज मोठा, आतलं तसंच कोरडं. हळूहळू मला वाटायला लागलं की कृपा वगैरे इतरांसाठी असते. मायसारख्यांसाठी. माझ्यापाशी येऊन तिला दार सापडत नाही.

दार मीच आतून लावलंय हे कळत होतं. कळून उपयोग नव्हता. इतकी वर्षं लावलेल्या दाराची कडी गंजते. माय गेली तेव्हाही मी बोललो नाही. तिच्या पायथ्याशी बसून तिचे पाय दाबत होतो, आणि ती म्हणाली, "तू लई केलंस रं त्येंचं." मी दाबत राहिलो.

या वर्षी आताच्या फादरांनी मला शाळेच्या फाटकाशी गाठलं. हे तरुण आहेत, कन्नड तालुक्यातले, घाटाखालच्या गावातले. मोटारसायकलवरून न उतरताच म्हणाले, "सर, गुरुवारी बारा जणांत तुम्ही हाव. पाठ दुखती आसंल तर खुर्चीला उशी लावतो."

म्हणजे कुणीतरी त्यांना माझा इतिहास सांगितला होता. मी बघतो म्हणालो.

त्याच आठवड्यात मी पापनिवेदनाला गेलो. आता पेटी नाही. वेदीमागच्या खोलीत दोन प्लास्टिकच्या खुर्च्या, फादर बाजूला तोंड करून बसतात. पंखा वर घरघरत होता. मी नेहमीचं म्हणालो, "मी खोटं बोललो. दोनदा."

"कधी?"

हे मला कधी कुणी विचारलं नव्हतं. किती वेळा, हे विचारतात. कधी, हे नाही.

"दहावीत असताना," मी म्हणालो.

फादरांनी मान वळवून पहिल्यांदा माझ्याकडं बघितलं. माझे केस बघितले. मग पुन्हा भिंतीकडं तोंड केलं आणि थांबले. माझ्या शर्टाची पाठ खुर्चीला चिकटली होती. मी सांगायला सुरुवात केली. बूट, चिठ्ठी, कांजण्या, घमेलं. त्यांना कुणीतरी सांगितलं असेल, हे वाक्य मी तोंडानं पुन्हा उच्चारलं तेव्हा मला माझाच सोळा वर्षांचा आवाज ऐकू आला, आणि मी इतका रडलो की बाहेर रांगेतल्या बाया बोलायच्या थांबल्या.

फादरांनी क्षमेची प्रार्थना म्हटली. नमो मरिया सांगितल्या नाहीत.

मी विचारलं, "मला मोकळं का वाटत नाही?"

"मला काय ठावं," ते म्हणाले. "वाटायलाच पायजे आसं कुठं हाय? क्षमा झाली. तुमच्या वाटण्यावर ती थांबत नाय." मग म्हणाले, "ताईला सांगितलं का हे?"

"नाही."

"मंग जाऊन या की. वैजापूर काय लंडनला हाय का?"

सोमवारी शाळेत रजा टाकून मी एसटीनं वैजापूरला गेलो. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना कांदा काढलेला, शेतांत पात वाळत पडलेली. ताईच्या अंगणात कांद्याचा ढीग होता. ती पाटावर बसून विळीवर पात कापत होती. दाजी, म्हणजे तिचे यजमान, आता एसटीतून निवृत्त, खाटेवर वर्तमानपत्र वाचत होते. ओटा तसाच आहे. अण्णा आले की त्याच ओट्यावर बसायचे, तिथंच जेवायचे. उंबरा त्यांनी कधी ओलांडला नाही. आत जायचं तर पायातलं काढावं लागतं.

मी दाजींसमोर सांगणार नव्हतो. पण ते उठले नाहीत, आणि मी पुन्हा एकदा परत गेलो असतो तर कधीच बोललो नसतो हे मला माहीत होतं. म्हणून त्यांच्यासमोरच सांगितलं.

ताईचे हात चालत होते. कच, कच. मी संपवलं तेव्हा ती म्हणाली, "माझ्या लग्नासाठी केलंस म्हण."

"तसं मी म्हणत होतो स्वतःला. ते खरं नाही. मला लाज वाटत होती."

"मला इचारलंस का तवा? मोडलं आसतं तर मोडलं आसतं. दुसरा मिळाला नसता का? हे काय लई मोठे राजे लागून गेले?"

दाजींनी वर्तमानपत्र घडी करून खाली ठेवलं. "आगं, मला तर तू पहिल्याच महिन्यात सांगितलंस," ते म्हणाले.

मला वाटलं मी चुकीचं ऐकलं.

"व्हय," ताई म्हणाली. "नवऱ्यापासून काय लपवायचं? ह्येंनी काय म्हटलं माहीत हाय? म्हणाले, बरा झालाय नं माणूस, मंग काय."

दाजी माझ्याकडं बघत होते. हळू आवाजात म्हणाले, "मी वाट बघायचो, अण्णा कवा आत येतील. म्या कसं म्हणायचं, बूट काढा म्हणून? त्येंचा मान हाय. पण दर टायमाला ते ओट्यावरच. मला वाटायचं, सासऱ्याला आमचं घर पसंत नाय. एकदा तर मी रागानं म्हणलो हिला, तुझा बाप आमच्याकडं पाणी पितो हेच लई झालं."

ओट्यावर एक कोंबडी चढली, ती दाजींनी हाकलली नाही.

"त्येंना वाटलं, चर्चनंच नको म्हटलं तर जावई काय हो म्हणंल," ताई म्हणाली. आणि विळी आडवी केली. "तसंच गेले रं ते."

मी म्हणालो, "ताई, मला माफ—"

"माफबिफ मला आत्ता नाय जमायचं," ती म्हणाली. "थांब. चहा टाकते." चहा घेतला. परतताना ती दारापर्यंत आली नाही. दाजी स्टँडपर्यंत आले, आणि बस निघेपर्यंत खिडकीखाली उभे राहिले.  वाटेत मला वाटत होतं की आता आणखी आत गेलोय. आधी एकटा कोंडलेला होतो, आता त्या कोंडीत दाजींचं अकरा-बारा वर्षांचं वाट बघणंही येऊन बसलं. माझ्या एका वाक्यानं किती घरांचे उंबरे अडवले, याची मला कल्पनाच नव्हती.

गुरुवारी दुपारी पेपर संपवून मी बाकांवरची फुलं झाडली. जाऊ नये, असं वाटत होतं. पाठ खरंच दुखत होती. अण्णांना जी खुर्ची मिळाली नाही तिथं मी कुठल्या तोंडानं बसायचं? पण मग मनात आलं की मी पुन्हा तेच करतोय. त्यांना वाटायचं आपला पाय त्या पाण्याच्या लायकीचा नाही, आणि मला वाटतंय आपण नाही. त्यांचं वाटणं माझ्यामुळं होतं. माझं कुणामुळं आहे? तिथं बसणाऱ्यानं काही द्यायचं नसतं, काही फेडायचं नसतं. नुसतं बसायचं असतं. तेच मला सगळ्यात जड जात होतं.

संध्याकाळी चर्चमध्ये पोचलो तेव्हा वेदीपुढं खुर्च्या मांडून झाल्या होत्या आणि एका खुर्चीवर ताई बसलेली होती. इस्त्रीचं पातळ, डोक्यावर पदर, मांडीवर पिशवी. पायात काही नाही. दाजी मागं, भिंतीला टेकून. चावीवाले काका फादरांच्या कानाशी लागले होते, पण कुजबुज सगळ्यांना ऐकू जात होती, "फादर, तेरा व्हतेत. ही वैजापूरची बाई उठंना."

"होऊ द्या तेरा," फादर म्हणाले. "पाणी हाय नं?"

"पाणी हाय. पण बाराच आसतेत."

"बसू द्या."

मी ताईच्या शेजारी बसलो. तिनं माझ्याकडं बघितलं नाही. वाचन झालं, प्रवचन झालं, गाणं सुरू झालं. फादरांनी पंचा बांधला आणि पहिल्या खुर्चीपासून सुरुवात केली. ताईचा पाय धुतला तेव्हा ती सरळ समोर बघत होती, आणि तिचे ओठ हलत होते. काय म्हणत होती ते मी विचारलं नाही. अजूनही विचारलेलं नाही.

मग फादर माझ्यासमोर आले. गुडघ्यावर बसले. घंगाळ सरकवलं. दोन्ही हात पुढं केले आणि थांबले.

मी बूट काढले होते, मोजे काढले होते. पाय जमिनीवर होता, पाचही बोटं धड असलेला, पन्नाशीतला, टाचेला भेगा पडलेला पाय. तो उचलेना. मी सांगत होतो त्याला, पण तो माझा नसल्यासारखा फरशीला चिकटला होता. गाण्याचं कडवं संपलं आणि पेटीवाल्यानं पुन्हा तेच सुरू केलं. मागं कुणीतरी खोकलं. फादरांचे हात तसेच पुढं, रिकामे. त्यांनी माझा पाय ओढला नाही. वर मान करून बघितलंही नाही. नुसते थांबून राहिले, जणू त्यांना दुसरं कुठं जायचंच नव्हतं.

"उचल की रं," ताई शेजारून म्हणाली, ओठ न हलवता. "किती येळ बसवशील त्या लेकराला गुडघ्यावर?"

मोकळं वाटलं, असं इथं लिहिलं तर ते तिसरं खोटं होईल. भीती वाटत होती, लाज वाटत होती, आणि चर्चभर माणसं बघत होती. तसाच, त्या सगळ्यासकट, मी पाय उचलून त्यांच्या हातात दिला.